शुक्रवारपर्यंत

हालगे सरांचा मराठीतल्या दोन शब्दांवर राग होता. एक ‘पासून’ आणि दुसरा ‘पर्यंत’. हे दोन शब्द नसते तर परभणी जिल्ह्यातली निम्मी लेकरं इंग्रजीत आरामात पास झाली असती, असं ते छातीठोकपणे सांगायचे. मी त्याच शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे हा सगळा राग मला स्टाफरूममध्ये, डबा खाता खाता, ऐकून घ्यावा लागायचा. जणू ते दोन शब्द मीच घरून करून आणले होते.

परभणीहून पेडगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची शाळा आहे. सर तिथं माझ्या आधीपासून होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात लिंग, आणि वरच्या खिशात पेनाच्या जागी दोन खडू. शाळेचा खडू ते वापरत नसत, तो फळ्यावर ओरखडतो म्हणून स्वतःचा आणायचे. पोरं म्हणायची, “सरनं तिन्ही काळ कपाळावरच काढून ठेवलेत.” हे सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते वर्गात म्हणाले, “तीन नाहीत बाळांनो, बारा आहेत. कपाळ पुरंना म्हणून बाकीचे घरी ठेवलेत.”

त्यांच्या शिकवण्यात पाठांतर नव्हतं. वाक्यात वेळेचा शब्द आला की त्यांचा एकच सवाल असायचा, “रेघ का ठिपका?” काम चालूच राहणार असेल तर रेघ, एकदा होऊन मोकळं होणार असेल तर ठिपका. “दहा वाजेपर्यंत झोपला. सांगा, रेघ का ठिपका?” वर्ग ओरडायचा, “रेघ!” “मग अनटिल. आता दहा वाजेपर्यंत ये. हे काय?” “ठिपका!” “मग बाय. दहाच्या आत कधीबी ये, पण एकदाच यायचंय. दहा वाजेपर्यंत येतच राहिलास तर तुझी माय मला शिव्या देईल.” सिन्स आणि फॉरचंही तसंच. सोमवारपासून म्हटलं की सुरुवातीचा ठिपका, म्हणून सिन्स; पाच दिवसांपासून म्हटलं की लांबी मोजलेली रेघ, म्हणून फॉर. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’च. ज्या पोरानं सिन्स फाइव्ह डेज म्हटलं, त्यानं ते सुधारून सांगेस्तोवर बाकावर बसायचं नाही, असा नियम होता.

एकदा तपासणीला साहेब आले होते. वर्गात उभे राहून त्यांनी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, की मी या खात्यात सिन्स ट्वेंटी इयर्स आहे. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी सवयीनं पुटपुटली, “फॉर.” साहेबांनी सरांकडे पाहिलं. दुसरा कुणी असता तर मुलीला दटावून मोकळा झाला असता. सर म्हणाले, “साहेब, तिचं बरोबर आहे.” त्या वर्षी सरांच्या शेऱ्यात काय आलं असेल ते सांगायला नको. ते मात्र आठवडाभर खुशीत होते.

आणि हेडमास्तरांची नोटीस. आमच्या हेडमास्तरांना इंग्रजीत नोटिसा काढायची हौस होती. गुणांच्या याद्या सबमिट कराव्यात, अनटिल सॅटर्डे, अशी नोटीस त्यांनी एका सोमवारी फिरवली. हालगे सरांनी सोमवारी नववीची यादी दिली. मंगळवारी तीच यादी पुन्हा नक्कल करून दिली. बुधवारी पुन्हा. हेडमास्तर भडकले, “हालगे, काय चालवलंय हे?” सर हात बांधून उभे. “सर, तुमचा हुकूम अनटिल सॅटर्डे आहे. शनिवारपर्यंत रोज सबमिट करायलोय.” तेव्हापासून हेडमास्तर नोटिसा मराठीत काढायला लागले. तो माझा विजय आहे असं मी जाहीर केलं होतं.

कारण माझीही खुमखुमी कमी नव्हती. मी म्हणायचे, “सर, तुमच्या इंग्रजीला प्रत्येक गोष्टीला दोन-दोन शब्द लागतात. आमचं एका ‘पर्यंत’वर भागतं. आजवर कुणाचं काही अडलं का?” एकदा दहावीच्या एका मुलीनं मोबाइलवर बाय आणि अनटिल दोन्ही टाकून दाखवले, तर दोन्हीचा अर्थ आला ‘पर्यंत’. सर म्हणाले, “मोबाइललाबी आपल्याच गावचं पाणी लागलं.” मी टाळी मागितली. त्यांनी दिलीसुद्धा.

ही मजा मी मुद्दाम आधी सांगून टाकली. पुढं मजेचं काही नाही.

मधल्या सुट्टीत सर लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे. गावातली माणसं त्यांच्याकडं इंग्रजी कागद घेऊन यायची. दवाखान्याचे कागद, औषधांच्या बाटल्या, कुठून कुठून आलेली पत्रं. सर आधी नाव विचारायचे, मग सगळा कागद इंग्रजीत मोठ्यानं वाचायचे आणि मग मराठीत सांगायचे. इंग्रजी वाचत असताना म्हाताऱ्या बाया डोक्यावरचा पदर सारखा करून ऐकायच्या. याबद्दल सरांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. कागद वाचून झाला की तो घडी करून दोन्ही हातांनी परत द्यायचे.

ग्यानबा आमचा शिपाई. त्याची बायको कौसाबाई शाळेची खिचडी शिजवायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, झडप बदलली होती. जवळ उभं राहिलं तर तिच्या छातीतून बारीक टिकटिक ऐकू यायची. पाचवीच्या पोरी तिला बिलगून कान लावायच्या आणि ती त्यांना सांगायची, “ऐका गं, माझं काळीज आता कारखान्यातलं हाय.” त्या झडपेसाठी तिला रक्त पातळ करायची गोळी रोज घ्यावी लागायची, जन्मभर. ग्यानबा रोज सकाळी स्वतःच्या हातानं ती गोळी तिला द्यायचा. तिला अक्षरओळख नव्हती आणि त्याची जेमतेम चौथी झालेली.

तिची दाढ दुखायला लागली. दाढ काढायची तर गोळी चालू असताना रक्त थांबत नाही, म्हणून दात काढणाऱ्यानं तिला आधी हृदयाच्या डॉक्टरकडं पाठवलं. त्या डॉक्टरनं कागदावर इंग्रजीत एक ओळ लिहून दिली. मंगळवारी मधल्या सुट्टीत ग्यानबा तो कागद घेऊन सरांकडं आला. मी शेजारच्या खुर्चीवर सातवीच्या वह्या तपासत बसले होते. सरांनी ओळ इंग्रजीत वाचली, त्यात अनटिल फ्रायडे होतं. मग म्हणाले, “ग्यानबा, ही रक्त पातळ करायची गोळी शुक्रवारपर्यंत बंद करायची.”

“शुक्रवारपर्यंत ना, सर?”

“हां, शुक्रवारपर्यंत.”

ग्यानबानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि घंटा द्यायला गेला. मी पुढची वही ओढली. मला त्या वाक्यात काहीसुद्धा खटकलं नाही.

गुरुवारी दाढ काढली. सोमवारपासून कौसाबाई परत खिचडीला उभी राहिली. तीन आठवडे गेले. एक दिवस मोठ्या पातेल्यात डाव फिरवता फिरवता तो तिच्या हातातून गळाला. ती उचलायला वाकली आणि तिथंच बसली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. हेडमास्तरांच्या गाडीत घालून तिला परभणीला नेलं. रक्ताची गाठ मेंदूत गेली, असं तिथं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

पाचव्या दिवशी आम्ही सगळे शिक्षक ग्यानबाला भेटायला गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. रडत नव्हता, एकसारखा बोलत होता.

“मोठे डाक्टर इचारले, गोळी कामून बंद केली? म्या कागद दाखवला. तर ते म्हनले, हे तर शुक्रवारपर्यंतच लिव्हलंय. म्या म्हनलो, व्हय साहेब, शुक्रवारपर्यंत बंद करा म्हनले व्हते, म्या तर मंगळवारीच केली. तर त्यायनं कपाळाला हात लावला अन् निघूनच गेले.” मग तो हालगे सरांकडं वळला. “सर, तुमी शुक्रवारपर्यंतची मुदत दिलती. म्या घाई केली. तीन दिस आधीच बंद केली. ते तीन दिस गोळ्या पोटात गेल्या असत्या तर जगली असती का वो ती?”

अशा वेळी माणसं जे बोलतात तेच हेडमास्तर बोलले, की आयुष्याची दोरी आपल्या हातात नसते. आम्ही उठलो.

परतताना सर माझ्याबरोबर मागं राहिले. म्हणाले, “मॅडम, त्याला काय समजलं ते आलं का लक्षात?”

माझ्या लक्षात आलं होतं, पण मी म्हटलं, “काय?”

“मी सांगितली रेघ. त्यानं ऐकला ठिपका. शुक्रवारच्या आत कधीतरी एकदा बंद करायची, मग कायमची बंद, असं. शनिवारी परत चालू करायची हे मी बोललोच नाही. अनटिलमध्ये ते असतंय. पर्यंतमध्ये नसतंय.”

“सर, शंका होती तर त्यानं विचारायला हवं होतं.”

“विचारलं की त्यानं. शुक्रवारपर्यंत ना, म्हणून विचारलं. मी हां म्हणालो.”

त्यानंतरचे सर मला बघवत नव्हते. नववीला बाय आणि अनटिलचा धडा आला, तर फळ्यावर तारीख टाकून ते तसेच उभे राहिले आणि पोरांना मैदानावर सोडून दिलं. लिंबाखालची खुर्ची उचलली. कागद घेऊन येणाऱ्यांना सांगायला लागले, “परभणीत दाखवा, मला दिसत नाही नीट.” सर ग्यानबाला सगळं सांगायच्या विचारात आहेत, अशी हेडमास्तरांना कुणकुण लागली तेव्हा त्यांनी सरांना आत बोलावून समजावलं, की आता सांगून ती बाई परत येणार आहे का? ग्यानबाच्या मनात तुमच्याबद्दल काही नाही, मग उगाच कशाला? खरं तर सगळ्यांनाच ते पटलं होतं. मलाही.

पण ग्यानबा ते तीन दिवस सोडत नव्हता. रस्त्यावरच्या भाजीवाल्याला विचारायचा, एसटीच्या कंडक्टरला विचारायचा, पाचवीच्या लेकरांनासुद्धा विचारायचा, “तीन दिस थांबलो असतो तर?” मंगळवारी तो जेवत नसे. घंटा देऊन झाली तरी घंटेचा हातोडा हातात धरून उभा राहायचा. बायको आपल्या घाईनं मेली, हे त्यानं पक्कं धरलं होतं. खिडकीतून त्याच्याकडं बघत सर एकदा म्हणाले, “ते तीन दिवस त्याचे नाहीतच, मॅडम. त्या तीन दिवसांत त्यानं सगळं बरोबर केलं. चुकीच्या दिवसांसाठी रडायलाय तो.”

मग एक दिवस त्यांनी मला विचारलं, “मराठीत अनटिलला काय म्हणायचं?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी थोडा विचार केला. “तोवर म्हणता येतं. शुक्रवार सरेतोवर गोळी द्यायची नाही, असं म्हटलं असतं तर...”

“सरेतोवर,” ते म्हणाले. मग पुन्हा एकदा हळूच म्हणाले, “सरेतोवर. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

हे मी असं का बोलले, मला आजही कळत नाही. माझी जीभ आधी चालते आणि मग मी. सरांनी मान हलवली. म्हणाले, “रविवारी ग्यानबाकडं जायलोय. तुम्ही चला. मी जे बोलतो ते नीट मराठीत पोचायलंय का, तेवढं बघा. पुन्हा चुकायला नको.”

त्या रविवारनंतर सर शाळेत आले नाहीत. आधी लांब रजा टाकली, मग संस्थेच्या सेलूच्या शाळेत बदली मागून घेतली. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी, ग्यानबाच्या पत्र्याच्या खोलीत.

ग्यानबानं बाज पुढं केली. सर बसले नाहीत. खाली जमिनीवर मांडी घालून बसले. ग्यानबाला ते सहन होईना, तो मला म्हणाला, “मॅडम, सरला वर बसा म्हना की.” मी बाजेच्या कडेवर टेकले.

“ग्यानबा, तू घाई केली नाहीस. चूक माझी झाली.”

“सर, तुमचं इंग्रजी कसं चुकंल?”

“इंग्रजी नाही चुकलं. मराठी चुकली.”

ग्यानबा कसनुसा हसला. “मराठी कुनाची चुकती व्हय? लेकरं बी बोलतेत. तुमी माझं मन ऱ्हावं म्हनून सांगायलाव. म्याच अडानी.”

सरांनी तीनदा सांगून पाहिलं आणि तीनदा ग्यानबानं ती चूक स्वतःकडं ओढून घेतली. सरांबद्दलची त्याची भक्ती मधे भिंतीसारखी उभी होती. शेवटी सरांनी त्याचा हात धरला आणि त्याचीच बोटं एकेक करून मिटली. “मंगळवार, नको. बुधवार, नको. गुरुवार, नको. शुक्रवार, नको. हे चारच दिवस बंद ठेवायची होती, दाढेसाठी. तू बरोबर बंद केलीस.” मग अंगठा धरला. “शनिवारी परत चालू करायची होती. हे तुला सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं नाही.”

ग्यानबा आपल्या अंगठ्याकडं बघत राहिला.

“म्हंजी शनिवारी द्यायची व्हती?”

“हो.”

“आन् आयतवारी?”

“रोज. पहिल्यासारखी.”

तो उठला. फळीवरून स्टीलचा एक डबा काढून आणला आणि झाकण उघडलं. आत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, न फोडलेल्या. “ह्या घरातच व्हत्या की, सर. ती मला इचारली बी व्हती, आता ह्या टाकून द्याव का म्हनून. म्या म्हनलो, ऱ्हाऊ दे, सरला इचारू.” त्याचा आवाज चढलेला नव्हता. “तुमाला रोजच बगत व्हतो शाळेत. इचारायचं ऱ्हाऊन गेलं.”

सरांनी मान खाली घातली. त्यांना हवं ते झालं होतं, ग्यानबाला समजलं होतं. पण समजल्यावर त्याच्या हातात तीन दिवसांच्या जागी तीन आठवडे आले, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तेवढ्यात ग्यानबानं माझ्याकडं पाहिलं. शाळेत इतकी वर्षं तो माझ्याशी खाली बघूनच बोलत आला होता.

“मॅडम, तुमी बी व्हत्या की तवा तिथं. शेजारीच बसल्या व्हत्या. तुमी तर मराठीच्याच.”

मी काही बोलायच्या आत सर बोलले, “मॅडमना ऐकू आलं नव्हतं, ग्यानबा. त्या वह्या तपासायल्या होत्या. जे बोललो ते मी एकटा बोललो.”

एक ‘सिन्स’ चुकला तरी पोराला उभं करणारा माणूस. साहेबाच्या तोंडावर साहेब चुकलेत म्हणणारा माणूस. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकच खोटं, आणि ते माझ्यासाठी होतं.

ग्यानबा म्हणाला, “मॅडम, तुमी जावा घरी. सर बसतेत जरा.”

मी उठले. दारातून मागं पाहिलं तर ग्यानबा डब्यातली एकेक पट्टी काढून सरांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवत होता आणि सर ती ठेवू देत होते. त्या मंगळवारी लिंबाखाली मला ऐकू आलं होतं. ग्यानबाचा प्रश्नही ऐकू आला होता आणि सरांचं ‘हां’ही. आत वळून तेवढं सांगायला दोन पावलं पुरली असती. मी चप्पल घातली आणि रस्त्याला लागले.